दहा बाय नऊ

खोली दहा बाय नऊ.
पप्पा मोजत होते तेव्हा निमिष म्हणाला,
ताईकडे दोन इंच जाफ्त आहेत.
पप्पांनी टेप सोडली, ती सरसरत डबीत शिरली
आणि मोजमापाचा विषय तिथंच मिटला.

खिडकी माझ्याकडे आली.
पंख्याचं बटण आणि एकुलता एक प्लग त्याच्याकडे.
म्हणून करार झाला :
एक तास खिडकी, बदल्यात एक तास चार्जिंग.
वहीच्या मागच्या पानावर लिहून आईची सही घेतली.
तिला वाटलं शाळेचं काहीतरी असेल.

राहिला रंग.
रबाळ्याच्या कंपनीतून पप्पांना
अर्धा डबा करडा मिळालेला, मशिनांना मारतात तो.
फुकटचा आहे, नाकं मुरडू नका, आई म्हणाली.
मी कुठं मुरडत होते? सोळाव्या वर्षी
मला करडंच तर व्हायचं होतं.
निमिषला मात्र गुलाबी हवा.

मावशी फोनवर हसली.
वरच्या मजल्यावरचे शेडगे काका जिन्यात थांबून म्हणाले,
अरे, मुलगा ना तू?
तो सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले.
म्हणाला, फ्लेमिंगोंमधे मुलगेपण अफतात.
काका किल्ली शोधायला लागले.

जानेवारीत आम्ही गेलो होतो खाडीवर,
ऐरोलीच्या जेट्टीपाशी. ओहोटी होती.
चिखल चकाकत होता ओल्या पाटीसारखा
आणि ते सगळे माना खाली घालून, चोची उलट्या करून
काहीतरी गाळत होते, मन लावून,
आई गव्हातले खडे काढते तसे.
वासानं मी नाक धरलं.
त्यानं धरलं नाही. तो मोजत होता.
शंभराच्या पुढं त्याला येत नाही
म्हणून पुन्हा एकपासून.

अर्धा लिटर गुलाबी. तीनशे चाळीस रुपये.
गल्ल्यातून निघाले एकशे ऐंशी.
बाकीचे दुकानदारानं सोडले, असं त्याला वाटतं.

रविवारी पेपर अंथरले,
भिंतीच्या मधोमध छतापासून खालपर्यंत टेप लावली.
इकडचं माझं, तिकडचं त्याचं.
अकरा वाजेपर्यंत त्याचा रंग संपला.
एका चादरीएवढा गुलाबी,
वर-खाली सगळीकडे नुसतं पांढरं.
डबा उलटा करून पाहिला, ब्रश पिळून पाहिला,
मग उलट्या डब्यावरच बसला. रडला नाही.
रडला असता तर मी चिडवलं असतं.

बारीक ब्रश घेऊन मी टेपच्या पलीकडे गेले.
विचारलं नाही. त्यानंही अडवलं नाही.
करड्यानं गुलाबी कापत कापत
एक मान काढली. मग पोट. मग पाय,
काडीसारखे, गुडघ्यात मागं वाकलेले.
त्याच्या बाजूला जाऊन माझ्या करड्याचा
चिखल झाला, आणि तो चांगला दिसला.
तो डब्यावरून सांगत होता,
त्याची चोच काळी कर. टोकाला. फगळी नाही.
एकूण सहा झाले.
एकाला तीन पाय आहेत.
तिथं कापायचं राहिलं, त्यानं कापू दिलं नाही.

संध्याकाळी टेप ओढली
तर तिच्यासोबत रंगही सोलून आला
आणि आतून उभा निळा पट्टा निघाला.
आई कणकेचे हात घेऊन दारात आलेली.
म्हणाली, अगं, हा आमचा रंग,
आम्ही दोघंच होतो तेव्हाचा.
आणि पोळी करपली म्हणून परत गेली.

रात्री सगळं उघडं टाकूनही वास जात नव्हता.
वरच्या पलंगावरून त्याचा हात खाली लोंबत होता,
नखांत गुलाबी.
ताई, भरती आली की हे कुठं जातात?
माहीत नाही, म्हटलं. झोप.
आणि पंखा तीनवर कर.

उठून त्यानं चारवर केला.